हातगाडीवरून होडी पाण्यात नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोटी होडी पाण्यात हलकी असते आणि जमिनीवर हट्टी. चार जणांनी उचलायची म्हटली तर नेमका चौथा कधी सापडत नाही, आणि फरफटत नेली तर तळाची वाट लागते. मग हातगाडी, म्हणजे डॉली, घ्यायचा विचार सुरू होतो आणि प्रश्नही सुरू होतात. पुढे होडीच्या पुढच्या टोकाला नाळ आणि मागच्या बाजूला पिछाडी म्हटलं आहे.

मोटारीमागे लावतात तो ट्रेलर आणि ही हातगाडी यात फरक काय?

हातगाडी म्हणजे दोन चाकं, एक आस, होडीला टेकवायला आधार आणि लांब दांडा. स्प्रिंग नाही, दिवे नाहीत, ब्रेक नाही. ती माणसाच्या चालीसाठी बनवलेली असते आणि पाण्यात बुडवण्यासाठीच बनवलेली असते. रस्त्यावरच्या ट्रेलरचं उलट आहे. लांबून आल्यावर त्याची बेअरिंग तापलेली असतात. ती तशीच थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि पाणी आत खेचलं जातं. मग ग्रीस खराब होतं आणि बेअरिंग गंजतात. हातगाडीत बहुधा बेअरिंग नसतातच. आसावर प्लास्टिकची बुश, म्हणजे नळीसारखं अस्तर, आणि तिच्याभोवती फिरणारं चाक, एवढंच.

काही ट्रेलरवर हातगाडी होडीसकट चढवून बांधता येते. काठावर पोहोचलं की गाडी खाली उतरवायची आणि ट्रेलर कोरडाच ठेवायचा. होडी वारंवार लांब न्यायची असेल तर मला हीच सोय सगळ्यांत शहाणपणाची वाटते.

किती वजन पेलणारी गाडी घ्यावी?

कागदावर लिहिलेल्या वजनावर जाऊ नका. शिडाच्या छोट्या होड्यांचे तीन प्रकार घ्या: मुलांच्या ऑप्टिमिस्टचा सांगाडा ३५ किलोचा, लेझरचा (जिला आता आयएलसीए म्हणतात) ५९ किलोच्या आसपास, फोर-ट्वेंटीचा ८० किलोचा. हे सगळे आकडे रिकाम्या सांगाड्याचे आहेत. त्यात डोलकाठी, शीड, सुकाणू, नांगर, दोर आलेले नाहीत. पाच अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन साधारण २५ किलोचं असतं, आणि १२ लिटर पेट्रोल म्हणजे आणखी नऊएक किलो.

सगळ्यांत मोठा छुपा पाहुणा म्हणजे आत साचलेलं पाणी. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद तळावर पाच सेंटिमीटर पाणी साचलं, तर ते १०० लिटर होतं, म्हणजे १०० किलो. एकदा मी आणि एक मित्र पाऊण तास एक होडी उतारावरून ओढत होतो आणि 'आज अंगात जोर का नाही' याची चर्चा करत होतो. पाणी सोडायच्या भोकाचं बूच काढल्यावर जोर कुठे गेला होता ते दिसलं.

म्हणून सामानासकट खरं वजन काढा आणि त्याच्या किमान दीडपट भार पेलणारी गाडी घ्या. गाडी खड्ड्यात आदळते तेव्हा क्षणभर आसावर दुपटीहून जास्त भार येऊ शकतो.

चाकं कोणती घ्यावी?

दुकानात लोक होडी किती मोठी आहे ते सांगतात आणि त्यावरून चाकं निवडतात. खरं तर आधी जमीन सांगायला हवी.

काँक्रीटचा उतार किंवा घट्ट मुरूम असेल तर हवेचं साधं, ४० सेंटिमीटर व्यासाचं रबरी चाक उत्तम. स्वस्त असतं, पंक्चर काढता येतं, टायर-ट्यूब सहज मिळतात. कडक प्लास्टिकची भरीव चाकं लहान, हलक्या होडीला चालतात. पण प्रत्येक खडा होडीला आणि तुमच्या मनगटाला कळतो.

दगडगोटे असतील तर व्यास महत्त्वाचा. चार सेंटिमीटर उंच दगडापाशी चाक अडलं, तर २० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला तो दगड ओलांडायला त्यावरच्या भाराच्या साधारण १.३ पट आडवी ओढ लागते. ४० सेंटिमीटरच्या चाकाला तोच दगड ओलांडायला पाऊणपट पुरते. म्हणजे दगड तोच, होडी तीच, पण लहान चाकाने ओढण्यापेक्षा उचलून नेणं सोपं.

सुक्या भुसभुशीत वाळूत रुंदी महत्त्वाची. अरुंद चाक वाळू कापत खाली जातं आणि मग गाडीचा शेतातला नांगर होतो. तिथे फुग्यासारखी जाड, मऊ चाकं लागतात. त्यांत हवा अगदी कमी असते, साधारण २ ते ४ पीएसआय. नेहमीच्या पंपाच्या काट्यावर एवढा कमी दाब नीट दिसतही नाही. अंगठ्याने दाबल्यावर चाक सहज दबलं पाहिजे. मात्र ही चाकं महाग असतात, काचा-शिंपल्यांना घाबरतात, आणि त्यांची आणखी एक खोड पुढे सांगितली आहे.

हवा भरायला मोठा कॉम्प्रेसर वापरू नका. छोट्या चाकात हवा क्षणात भरते आणि दोन भागांची प्लास्टिकची रिम फुटू शकते. हातपंप बरा.

आस होडीच्या कुठे यावा? दांडा हाताला जड लागतो.

आस चुकीच्या जागी आहे, म्हणूनच जड लागतो. होडीचा तोल, म्हणजे तिचा गुरुत्वमध्य, कुठे आहे हे आधी शोधायला हवं, आणि त्यासाठी घरातला वजनकाटा पुरतो. नाळ काट्यावर आणि पिछाडी तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर टेकवा. समजा होडी ४ मीटर लांब, एकूण १२० किलो, आणि नाळेखालचा काटा ४५ किलो दाखवतो. ४५ भागिले १२०, गुणिले ४ म्हणजे दीड मीटर. पिछाडीपासून दीड मीटरवर तिचा तोल आहे.

आता आस या बिंदूच्या किंचित मागे, पिछाडीकडे ठेवायचा. दहा सेंटिमीटर मागे ठेवला तर नाळेपाशी दांड्यावर साडेचार किलोच्या आसपास भार येतो, आणि तो हवाच असतो. अर्धा मीटर मागे गेला तर तोच भार २० किलो होतो आणि शंभर पावलांत खांदा बोलायला लागतो.

भार अगदी शून्यावर आणायचा मोह होतो, पण तो टाळा. होडीचा तोल आसाच्या वर असतो, समजा ४० सेंटिमीटर वर. पिछाडी पुढे करून आठास एक (आठ मीटरला एक मीटर) उतारावरून उतरताना हा तोल पाच सेंटिमीटर पाण्याकडे सरकतो. दहा सेंटिमीटरची तुमची शिल्लक अर्धी झाली. शिल्लक आधीच नसेल आणि पिछाडीला इंजिन असेल, तर दांडा हातातून सुटून वर उडतो आणि हनुवटीवर लागतो. इंजिन लावून आणि टाकी भरूनच तोल मोजा.

होडीला आधार कुठे द्यायचा?

जिथे सांगाडा मजबूत आहे तिथे: तळाचा कणा, कडांचे कोपरे, आत आडवी भिंत असेल तिच्या खाली. दोन आधारांच्या मधल्या सपाट, पातळ भागावर भार आला तर फायबरला आधी केसासारखी चीर पडते आणि पुढच्या मोसमात तिथून पाणी येतं. काही गाड्यांत होडी तिच्या वरच्या काठावर पेलली जाते आणि तळ अधांतरी राहतो. पातळ तळाच्या रेसिंग होड्यांना हे मानवतं.

आधारावर गालिच्याचा तुकडा लावायची पद्धत आहे. मऊ वाटतो, पण वाळूचे कण त्यात अडकले की तो सॅंडपेपर होतो. लावायचा तर दर वेळी झटका, नाहीतर बंद छिद्रांचा फोम लावा.

एकट्याला जमेल का?

सपाट काँक्रीटवर दीडशे किलोची होडी एक माणूस आरामात फिरवतो, कारण तिथे ओढ जेमतेम तीनएक किलोची लागते. आठास एक चढावर त्यात एकोणीसेक किलोची भर पडते आणि एकूण ओढ बावीसच्या आसपास जाते. बहुतेकांची दमछाक सुरू होते ती इथेच. सुक्या वाळूत तर सपाटीलाच वजनाचा पाचवा भाग किंवा जास्त ओढावं लागतं, म्हणजे ३० किलो. वाळू आणि चढ एकत्र आले की एकट्याचं काम राहत नाही. चारपट जोर देणाऱ्या कप्प्यांचा (पुलींचा) संच आणि वर एखादा भक्कम खुंट, किंवा दुसरा माणूस हवाच.

उतरतानाही हेच गणित उलटं चालतं. जड होडीचा दोर वरच्या खुंटाला दोन वेढे देऊन हळूहळू सोडा. दोर हाताच्या पंजाला मात्र कधीच गुंडाळू नका.

पाण्यात सोडायची पद्धत कोणती?

सगळी तयारी उताराच्या वर, सपाट जागी करा. इतरांची वाट अडत नाही आणि घाईही होत नाही. बूच लावा. लावलंय असं वाटत असलं तरी हात घालून बघा. सुकाणू जोडा पण त्याचं पातं वर बांधून ठेवा, सामान नीट बसवा, नाळेला लांब दोर बांधा आणि त्याचं टोक मोकळं हातात राहील असं ठेवा.

मग गाडी वळवून पिछाडी पाण्याकडे करा. दांडा धरणारा माणूस नेहमी चढाच्या बाजूला. तो घसरला, तर गाडी त्याच्यापासून लांब पाण्यात जाते, त्याच्या अंगावर येत नाही. मदतनीस बाजूला चालतो, होडीच्या खालच्या अंगाला कुणीही नाही. भरलेल्या गाडीच्या खाली उभं राहून 'मी धरतो' म्हणणारा मदतनीस मला नको असतो, कितीही तगडा असला तरी. मुलांना आधीच बाजूला बसवा.

उताराचा खालचा, भरती-ओहोटीत ओला-सुका होणारा भाग शेवाळाने गुळगुळीत असतो. हिरवा किंवा काळपट चकाकणारा पट्टा दिसला की पावलं छोटी करा. पायात बंद, पकड असलेली पादत्राणं घाला. चपला पाण्यात निघून जातात.

होडी किती खोलीला तरंगेल याचा अंदाज सोपा आहे. होडी १५ सेंटिमीटर बुडते आणि गाडीचा आधार जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आहे, तर ४५ सेंटिमीटर पाणी हवं. म्हणजे गुडघ्याच्या आसपास. तिथे पोहोचेपर्यंत पट्टे सोडू नका. उताराच्या मध्येच पट्टे सोडून होडी आधी एकटी पाण्यात गेल्याचं दृश्य काठावरच्या लोकांना फार आवडतं. तरंगली की एकाने होडीचा दोर धरायचा आणि दुसऱ्याने गाडी बाहेर काढून भरतीच्या रेषेच्या बरीच वर ठेवायची. उधाणाच्या दिवशी ती रेषा नेहमीपेक्षा वर सरकते. परत आल्यावर गाडी तरंगत निघून गेलेली दिसली, तर दिवस तिथेच संपला.

शीड कधी चढवायचं?

होडी गाडीवर असताना शीड चढवायचंच असेल, तर नाळ वाऱ्याकडे करून आणि शिडाचा दोर पूर्ण मोकळा सोडून. वारा आडवा येत असेल तर आधी पाण्यात उतरवा आणि तिथे नाळ वाऱ्याकडे ठेवून चढवा. भरलेल्या शिडासकट हलकी होडी गाडीवरून सहज उलटते.

आणखी एक गोष्ट, आणि ही गंमतीची नाही. डोलकाठी उभी करून गाडी ढकलण्याआधी मान वर करा. उताराच्या वाटेवर विजेच्या तारा असतील, तर डोलकाठी तारा ओलांडल्यावरच उभी करायची. ॲल्युमिनियम विजेचा उत्तम वाहक आहे, आणि डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या पोलादी ताणतारांना तुम्ही ओल्या हातांनी धरलेलं असतं.

परत काढताना होडी गाडीवर सरळ बसतच नाही.

बहुधा गाडी पुरेशी खोल गेलेली नसते. होडी तरंगत गाडीवर आली पाहिजे. चढवावी लागत असेल तर अजून दोन पावलं आत जा. नाळ आधी, दांड्याच्या दिशेने. नाळ आधारात टेकली की दोर दांड्याला बांधा, मग गाडी हळू वर घ्या. पाणी उतरेल तशी पिछाडी आपोआप बसते. तिरकी बसतेय असं दिसलं तर तिथेच थांबून परत खोल न्या. कोरड्यात आल्यावर ढकलून सरळ करू म्हणाल तर आधार वाकेल.

लाटा असतील तर होडी आणि किनारा यांच्या मध्ये उभं राहू नका. आत पाणी भरलेली होडी लाटेबरोबर येते तेव्हा तिला माणूस अडवू शकत नाही. दोन लाटांमधली उसंत धरा आणि बाजूने काम करा. पाणी शिरलं असेल तर काठावर येताच, चढ चढण्याआधी, बूच काढा.

माझी गाडी पाण्यात बुडतच नाही. का?

हीच ती फुगीर चाकांची खोड. मोठं चाक पंधरा-वीस लिटर पाणी बाजूला सारतं, म्हणजे दोन चाकं मिळून तीस-चाळीस किलोचा उचल देतात. ॲल्युमिनियमची हलकी गाडी त्याच्यापुढे काय करणार? होडी तरंगली तरी गाडी तिच्या पोटाला चिकटून राहते, किंवा परत काढताना उलटी होऊन चाकं वर करून पडते. उपाय म्हणजे एकाने आसावर पाय देऊन ती खाली दाबायची. काही जण चौकटीला वजन बांधतात, पण मग ते वजन वाळूतून ओढायचंही असतं. चौकटीच्या नळ्यांना भोकं असतील तर त्यांत पाणी शिरून थोडी मदत होते.

वाळूत रुतली तर?

जोर लावू नका, ती आणखी खाली जाते. चाकांतली थोडी हवा कमी करा, चाकांपुढची वाळू हाताने उकरा आणि पुढे दोन फळ्या टाका. एक फळी मागून उचलून पुढे, असं करत निघता येतं. पाण्यालगतची ओली वाळू सुक्या वाळूपेक्षा कितीतरी घट्ट असते, त्यामुळे लांबचा वळसा घेऊन त्या पट्ट्यावरून चालणं बहुधा सोपं पडतं.

पिछाडीला कायमची बसवलेली, वर दुमडणारी चाकं कशी?

हवेच्या रबरी होड्यांना छान. गाडी काठावर ठेवायची भानगड नाही. पण वजनकाटा पुन्हा आठवा: चाकं पिछाडीला असतील तर नाळेखालचे ते ४५ किलो तुमच्या हातात येतात. छोट्या होडीला हरकत नाही. लांब, पुढे वजन असलेल्या होडीला गाडीच घ्या. ही चाकं बसवताना आतल्या बाजूने पाठीला मोठी पट्टी द्या, नाहीतर बोल्ट लाकूड फाडून बाहेर येतात.

कयाकला कोणती गाडी?

मध्याच्या थोडं मागे पट्ट्याने बांधायची छोटी गाडी पुरते. पाणी निचरायच्या आरपार भोकांत दांडे घुसवणाऱ्या गाड्या मिळतात आणि पटकन बसतात, पण सगळा भार त्या भोकांच्या कडांवर येतो. भरलेली कयाक खडबडीत वाटेवर नेली की तिथेच तडा जातो. पॉलिथिनची कयाक उन्हात करकचून बांधून ठेवली, तर तळाला पट्ट्याचा आणि आधाराचा कायमचा खळगा पडतो.

घरी बनवता येईल?

येईल. लाकडी चौकट, पोलादी आस आणि हातगाड्यांना लागतात तशी तयार चाकं. चाकांमधलं अंतर होडीच्या रुंदीच्या निम्म्याहून बरंच जास्त ठेवा, नाहीतर तिरक्या जमिनीवर ती कलंडते. पीव्हीसी पाइपची गाडी कयाकपुरती ठीक. उन्हात हा पाइप ठिसूळ होतो आणि तुटताना पूर्वसूचना देत नाही.

मोटारीला बांधून थोडं अंतर नेली तर?

नको. चाकं आणि बुश चालीच्या वेगासाठी आहेत, आणि ब्रेक मारल्यावर होडी कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

खाऱ्या पाण्यानंतर काय काळजी घ्यायची?

दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, विशेषतः चाकं काढून आसाची टोकं. प्लास्टिकच्या बुशला ग्रीस लावू नका, वाळू चिकटून आस घासला जातो. ॲल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेसचे बोल्ट असतील तर खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम गंजून पांढरी पूड धरतं. मध्ये नायलॉनचे वॉशर घाला. चाक अडवणारी पिन पैशांत सर्वांत स्वस्त आणि हरवली तर सर्वांत महाग पडते. दोन जास्तीच्या पिना दांड्यालाच बांधून ठेवा.

होडी महिनोन्महिने गाडीवरच ठेवली तर चालेल?

चालेल, पण बूच काढून आणि पिछाडी खाली राहील अशी, म्हणजे पावसाचं पाणी निघून जाईल. आसाखाली ठोकळे देऊन चाकांवरचा भार काढा. एकाच जागी दबलेला टायर कायमचा चपटा होतो. वादळी वारा येणार असेल तर होडी गाडीला आणि गाडी जमिनीला बांधा. ३५ किलोची रिकामी होडी वाऱ्याला पत्रावळीसारखी असते.

एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात न्यायची असेल तर?

होडी सगळे धुतात, गाडी कुणी धूत नाही. आसाला गुंडाळलेल्या शेवाळातून आणि नळ्यांत अडकलेल्या पाण्यातून परक्या वनस्पती आणि शिंपल्यांची पिल्लं दुसऱ्या पाण्यात पोहोचतात. गवत काढा, गाडी उभी करून नळ्यांतलं पाणी निथळू द्या आणि पूर्ण वाळल्यावरच दुसरीकडे उतरवा. उभी करताना आधी दांड्याचं टोक खाली ठेवा आणि मग उलटी करा. एका बाजूने थेंब थांबले तरी दुसऱ्या बाजूला अर्धा तांब्या पाणी हमखास निघतं.